गाडी साठच्या पुढं ओढत नाही? मेन जेट बदलायच्या आधी हे सगळं तपासा

कोकणात कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेल्या गाड्या अजून चिक्कार आहेत. पडवीत एखादी आरएक्स १००, जुनी स्प्लेंडर नाहीतर कास्ट आयर्न बुलेट उभी असतेच, आणि तक्रार बहुतेकांची सारखीच की गाडी चालू होते, आयडलला बरी राहते, बाजारात जाऊन यायला काही त्रास नाही, पण हायवेला लागलं आणि ॲक्सिलेटर पूर्ण पिळला की साठ-पासष्टला अडकते, पुढं नुसता आवाज वाढतो किंवा झटके मारते. मग गॅरेजला नेली की पहिलं वाक्य कानावर येतं, मेन जेट मोठा टाकूया.

थांबा. जेट म्हणजे पितळेच्या तुकड्यात मापात पाडलेलं, पेट्रोल जायचं भोक. त्यात कचरा अडकू शकतो, कोणीतरी तार घालून ते बिघडवू शकतो, पण ते स्वतःहून लहान होत नाही. ज्या जेटवर तुमची गाडी वर्षानुवर्षं छान पळाली त्याच जेटवर ती आज पळत नसेल तर जेटच्या नंबरात, म्हणजे मापात काही खोट नाही, दुसरीकडं काहीतरी अडलंय, गळतंय नाहीतर झिजलंय. ते न शोधता जेट मोठा केला तर चार दिवस बरं वाटेल, मग ॲव्हरेज पडेल, प्लग काळा होईल आणि मूळ दुखणं तसंच राहील. जेटचा नंबर बदलायची वेळ मुख्यतः तेव्हा येते जेव्हा तुम्ही स्वतः काही बदललंय, म्हणजे फ्री-फ्लो सायलेन्सर लावला, फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर लावला, बोअर मोठा केला किंवा दुसऱ्याच गाडीचा कार्बोरेटर बसवला. एक अपवाद पेट्रोलचा आहे, त्याच्यावर पुढं येतोच.

आधी नक्की कुठं अडतंय ते बघा

कार्बोरेटरमध्ये प्रत्येक भागाचं काम ॲक्सिलेटरच्या ठराविक टप्प्यात असतं. बंद ते पाव उघडेपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, साधारण पावच्या आसपास स्लाइडचा (मूठ पिळली की वर उचलला जाणारा दट्ट्या) खालचा कापलेला भाग, पाव ते पाऊण सुई आणि ती ज्यात खालीवर होते ती नळी, आणि पाऊणच्या पुढं मेन जेट. लक्षात घ्या, हे स्पीडवर नाही, मूठ किती पिळलीय त्यावर आहे. साठच्या स्पीडला उतारावर तुम्ही पायलटवर असू शकता आणि चाळीसला चढावर मेन जेटवर.

म्हणून मुठीच्या कडेला आणि शेजारी न फिरणाऱ्या भागावर पांढरी चिकटपट्टी लावा आणि पेनानं बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. दोन मिनिटांचं काम आहे पण याच्यामुळं अर्धे अंदाज बंद होतात. आता गाडी टेस्टला कुठं न्यायची? आपल्याकडं सपाट सरळ रस्ता मिळणं मुश्कील, पण सड्यावरचे रस्ते बरे असतात, जांभ्याच्या पठारावर सरळ पट्टा मिळतो आणि सकाळी लवकर वर्दळ नसते. सकाळीच जा, कारण दुपारनंतर समुद्राकडून वारा चालू झाला की समोरून वारा असताना गाडी पाच-सात किलोमीटरनं हळू जाणारच आणि तुम्ही उगाच कार्बोरेटर खोलाल. जाताना आणि येताना दोन्ही बाजूनं चालवून बघायचं. सपाटी नसेल तर एखादा लांब चढ घ्या आणि दरवेळी तोच चढ, तोच गिअर, खाली तोच स्पीड ठेवून वर पोचताना किती राहतो ते बघा, हेल्मेट घालून आणि मागंपुढं गाडी नाही बघूनच.

चालवताना एक फरक मुद्दाम टिपा, पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. मूठ पूर्ण पिळल्या पिळल्या लगेच गाडी अडखळते, की आधी आठ-दहा सेकंद मस्त ओढते आणि मग रिझर्व्हला आल्यासारखी मरते, मूठ सोडली की परत जीव येतो? लगेच अडखळत असेल तर कार्बोरेटरच्या आत बघायचं. थोडं पळून मरत असेल तर चेंबर (कार्बोरेटरच्या खालची पेट्रोल साठायची वाटी) रिकामा होतोय, म्हणजे टाकीकडून पेट्रोल पुरत नाही, आणि तिथं जेट मोठा टाकलात तर चेंबर अजून लवकर रिकामा होईल.

कार्बोरेटरला हात लावायच्या आधी

इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरची नळी काढा, मूठ पूर्ण पिळा आणि कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघा. साध्या स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये स्लाइड पूर्ण वर जाऊन भोक मोकळं दिसलं पाहिजे. मालवण, वेंगुर्ला, हर्णै अशा अगदी किनाऱ्याच्या गावात केबल आतून गंजते, फुगते, आणि मूठ पूर्ण फिरली तरी स्लाइड पाऊणच वर जाते. नवीन केबलच्या खर्चात जे सुटतं त्यासाठी लोक कार्बोरेटर बदलतात. चोक पूर्ण बंद होतोय का तेही तेव्हाच बघा.

क्लच घसरत असेल तर लक्षण हुबेहूब असंच दिसतं. टॉप गिअरमध्ये चाळीसला मूठ पूर्ण पिळा, इंजिनाचा आवाज चढला आणि स्पीड मागंच राहिला तर क्लच प्लेटा बघा. गाडी डबल स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवा, ब्रेक धरत असेल तर कळेल. टायरमधली हवा, चेन, प्लग आणि प्लगचा गॅप बघा. फोर स्ट्रोक असेल तर टॅपेट सेटिंग. आणि टू स्ट्रोक असेल तर सायलेन्सर, कारण ऑइलच्या काजळीनं आतली नळी भरत जाते आणि टॉप स्पीड हळूहळू महिन्यामहिन्यानं कमी होतो, इतका हळू की मालकाच्या लक्षातच येत नाही. आरएक्सची ती आतली नळी काढून साफ केली की गाडीला परत गळा फुटतो, ते ऐकण्यासारखं असतं.

एअर फिल्टर आपल्याकडं दोन वेगवेगळ्या तऱ्हेनं त्रास देतो. उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ, चौपदरीकरणाच्या पट्ट्यात तर विचारू नका. पावसाळ्यात फिल्टर ओला होतो, कागदाचा असेल तर फुगतो आणि हवा अडवतो. दोन्ही वेळा परिणाम एकच, हवा कमी, पेट्रोल जास्त, टॉपला गाडी गुदमरते. कागदाचा फिल्टर ओला झाला असेल तर सुकवून परत घालू नका, नवीन टाका. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण सुकवा, थोडं ऑइल लावून पिळून बसवा.

पेट्रोल पोचतंय का

हे काम अंगणात, मोकळ्यावर, इंजिन थंड असताना. आसपास चूल, बिडी, काडी काही नको.

टाकीपासून सुरू करा. गाडी रस्त्यात मरायला लागली की बाजूला घ्या आणि टाकीचं झाकण उघडून बंद करा. फस्सकन हवा आत गेली आणि गाडी लगेच नीट पळाली तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय, टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. धूळ, गंज, मीठ यानं ते बुजतं.

मग पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरकडून सोडवा, बाटलीत धरा, कॉक उघडा आणि मिनिटभर मोजा. शंभर ते दीडशे सीसीची गाडी पूर्ण मूठ पिळूनही मिनिटाला साधारण ५० ते ८० मिलीच पेट्रोल पिते, त्यामुळं बाटलीत दीडशे-दोनशे मिली आलं तर बास झालं. धार सुरुवातीला जोरात आणि मग बारीक होत गेली तर झाकण किंवा टाकीतली जाळी. पहिल्यापासून बारीक असेल तर कॉक आणि मधला फिल्टर. आणि धार चांगली आहे पण गाडी तरी मरते, तर चेंबरच्या तोंडाशी असलेला फ्लोटचा (पेट्रोलवर तरंगून लेव्हल राखणारा भाग) पिन नाहीतर फ्लोटची उंची.

बाटलीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून उजेडात धरा, हे चुकवू नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. आपल्या दमट हवेत गाडी तीन-चार महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला जाऊन बसू शकतं. बरणीत खाली वेगळा थर दिसला तर समजायचं. मेन जेट चेंबरमध्ये सगळ्यात खाली असतो, म्हणजे ते पाणी पहिल्यांदा त्याच्याच तोंडाशी येतं, म्हणून पाणी मिसळलेली गाडी आयडलला ठीक आणि मूठ पिळली की ठसकते. अशा वेळी टाकी पूर्ण रिकामी करून, चेंबरचा ड्रेन स्क्रू उघडून सगळं काढून टाका, वरून ताजं पेट्रोल घालून भागत नाही.

चाकरमान्यांच्या गाड्यांचं तर हे ठरलेलंच. शिमग्याला चालवली, मग पडवीत ताडपत्रीखाली, एकदम गणपतीत काढली. तेवढ्यात चेंबरमधलं पेट्रोल उडून जाऊन चिकट पिवळा थर उरतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि चेंबरच्या हवेच्या नळीत नाहीतर ओव्हरफ्लोच्या पाइपात कुंभारीण माशी मातीचं घर करून ठेवते. चेंबरची हवेची नळी बुजली तरी टॉप जातो आणि कोणाचंही तिकडं लक्ष जात नाही.

कार्बोरेटर खोलताना

खाली पांढरं फडकं पसरा, बारीक स्प्रिंगा पडल्या तर सापडतील. खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. एअर स्क्रू हळू आत आवळून किती फेरे जातात ते मोजून लिहा, मगच बाहेर काढा. चेंबरचे स्क्रू जपानी पद्धतीचे असतात, साध्या स्क्रू ड्रायव्हरनं डोकं खाल्लं जातं, म्हणून बरोबर बसणारं टोक घ्या आणि दाबून फिरवा.

मेन जेट काढा आणि उजेडाकडं धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. तार, सुई, दाभण काही घालायचं नाही, पितळ मऊ असतं, एक ओरखडा आला तरी माप गेलं. आपल्याकडं त्याच्यासाठी उत्तम वस्तू घरात असते, मासेमारीचा बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, भोकापेक्षा पातळ घ्यायचा, त्यानं जेटला ओरखडा पडत नाही. आधी कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, मग तंगूस, मग हवा मारा. मेन जेटच्या वरची नळी असते तिच्या अंगावर बारीक भोकं असतात, तीही मोकळी करा. आणि कार्बोरेटरच्या फिल्टरकडच्या तोंडाशी एक छोटं हवेचं भोक असतं, त्यात लाल धूळ बसली तर टॉपला पेट्रोल जास्त होतं आणि सगळे मेन जेट छोटा करायच्या मागं लागतात. क्लीनर मारताना चष्मा लावा, एका भोकात मारलं की दुसऱ्यातून डोळ्यात येतं.

जेटवरचा नंबर वाचा आणि तुमच्या मॉडेलच्या पार्ट कॅटलॉगशी ताडून बघा. जुन्या गाडीत आधीच्या कोणीतरी भलताच टाकलेला असू शकतो, भोक मोठं केलेलंही असू शकतं. नंबर बरोबर पण भोक संशयास्पद वाटलं तर नवीन ओरिजिनल आणून शेजारी धरून बघा.

नंतरच्या पल्सर, युनिकॉर्न, करिझ्मा यांच्यात वेगळा प्रकार आहे. तिथं केबल स्लाइड उचलत नाही, इंजिनाच्या ओढीनं रबरी डायफ्रॅम वर जातो आणि त्याला लागून स्लाइड उचलली जाते. त्या रबराला टाचणीएवढं भोक पडलं तरी स्लाइड अर्ध्यावर राहते, मूठ कितीही पिळा. टॉप गेलेल्या अशा गाडीत मी सगळ्यात आधी तेच बघायला सांगेन. वरचं झाकण काढा, स्प्रिंग जपा, रबर हलक्या हातानं ताणून उजेडात फिरवा. कडेची गोट खाचेत नीट बसलीय का बघा. बसवून झाल्यावर बोटानं स्लाइड वर करून सोडा, ती सावकाश खाली यायला पाहिजे, धपकन पडली तर कुठूनतरी हवा जातेय. आणि या रबराला कार्ब क्लीनर अजिबात लागू देऊ नका, फुगून मोठं होतं आणि परत खाचेत बसत नाही.

फ्लोटची उंची मॅन्युअलमध्ये दिलेली असते, कार्बोरेटर तिरका धरून फ्लोटची जीभ पिनला नुसती टेकेल तेव्हा मोजायची, पिनमधली स्प्रिंग दाबली गेली नाही पाहिजे. लेव्हल खाली असेल तर टॉपला पेट्रोल कमी पडतं. शेवटी कार्बोरेटर आणि इंजिनामधलं रबर वाकवून बघा, चीर असेल तर तिथून हवा घेते. गाडी आयडलला ठेवून त्या सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडा, आवाज बदलला तर चीर आहे. गरम इंजिनावर यासाठी पेट्रोल किंवा क्लीनर मारणारे लोक आहेत, तसं करू नका, आग लागते.

सगळं स्वच्छ, तरी अडतेय

आता जेटचा विषय. मूठ पूर्ण पिळून गाडी शेवटच्या स्पीडला आली की मूठ अगदी थोडी मागं सोडा. गाडी उलट जरा पुढं खेचली तर मेन जेट लीन आहे, पेट्रोल कमी. काही फरक न पडता भडभड करत राहिली, मागं काळा धूर असेल, थंड असताना बरी आणि गरम झाल्यावर जड होत असेल तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. साध्या स्लाइडच्या कार्बोरेटरवर अजून एक खूण, फिल्टर क्षणभर काढून चालवल्यावर सुधारली तर रिच आणि बिघडली तर लीन, फक्त धुळीच्या रस्त्यावर हे करू नका.

मग प्लग बघून खात्री करा. नवीन प्लग घाला, इंजिन गरम करा, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण मूठ पिळून काही सेकंद ओढा आणि तशाच अवस्थेत क्लच दाबून किल स्विच किंवा चावी बंद करा, आयडलवर आणू नका, नाहीतर आयडलचाच रंग दिसेल. बाजूला थांबून गाडी थोडी निवली की प्लग काढा. चिनी मातीच्या अगदी मुळाशी बघायचं, टोकाला नाही. फिकट तपकिरी चांगलं, काजळी असेल तर रिच, पांढरा फटक आणि वर बारीक ठिपके असतील तर लीन, आणि टू स्ट्रोकला हे असेल तर लगेच जोरात चालवणं बंद करा, पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो.

इथं पेट्रोलचा अपवाद येतो. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जास्त द्यावं लागतं. इंजेक्शनची गाडी सेन्सरवर ते सावरून घेते, कार्बोरेटरला ते कळत नाही. त्यामुळं वीस-तीस वर्षांपूर्वी साध्या पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटवर आज गाडी थोडी लीन चालू शकते. सगळं साफ करूनही लीनची खूण येत असेल तर एक नंबर वर जाणं योग्यच आहे.

नंबरांचा एक घोळ समजून घ्या. केहिन आणि मिकुनी या कार्बोरेटरच्या दोन कंपन्या. केहिनचा मेन जेट १०० म्हणजे भोक साधारण १.०० मिमी. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा १०० हा किती पेट्रोल वाहतं त्याचा आकडा आहे. एकाचा नंबर बघून दुसऱ्याचा जेट घ्यायचा नाही, जरी आटे बसले तरी.

बदलताना एका वेळी एकच गोष्ट. आधी दोन नंबर मोठा टाका, टॉपला भडभड करेल, मग एकेक खाली या आणि जिथं सगळ्यात स्वच्छ ओढेल तिथं थांबा. वरून खाली यायचं, खालून वर नाही, कारण चुकलात तर रिचमध्ये फक्त पेट्रोल जातं, लीनमध्ये इंजिन जातं. मेन ठरला की सुई. क्लिप वरच्या खाचेत घातली की सुई खाली बसते म्हणजे लीन, खालच्या खाचेत घातली की सुई वर, म्हणजे रिच. आयडल आणि एअर स्क्रू सगळ्यात शेवटी. प्रत्येक बदल वहीत लिहा आणि सोबत महिना आणि वेळ लिहा.

महिना का, तर आपली हवा. मे महिन्यातल्या दमट दुपारी गरम हवा विरळ असते, त्यात वाफ प्राणवायूची जागा खाते, त्यामुळं जानेवारीच्या पहाटेपेक्षा गाडीत पाचेक टक्के तरी दम कमीच असणार. तो परत आणायला जेटाशी खेळू नका. उलट मे महिन्यात एकदम काठावर लीन करून ठेवलेली गाडी थंडीत, हवा दाट झाल्यावर अजून लीन होते, म्हणून शेवटचा निर्णय थंडीतल्या सकाळी घ्या, किंवा उन्हाळ्यातच करायचं असेल तर टू स्ट्रोकला एक नंबर वर ठेवा. घाटाचंही तसंच. शंभर मीटर वर गेलं की हवा साधारण एक टक्का विरळ होते. आंबोली जवळपास ७०० मीटरवर आहे, तिथं गाडी किंचित जड वाटली तर ते साहजिक आहे, खाली सावंतवाडीत उतरली की परत ठीक. पण कोल्हापुरात सेट करून आणलेली गाडी किनाऱ्यावर थोडी लीन होते, तिचा प्लग इथं परत बघाच.

गाडी गावाला ठेवून मुंबईला जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग ड्रेन स्क्रू उघडून उरलेले थेंब काढा आणि परत आवळा. महिना-दीड महिन्याचा प्रश्न असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही, त्याहून जास्त असेल तर पेट्रोल काढून दुसऱ्या गाडीत वापरा आणि टाकीला आतून ऑइलचा हात द्या. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला आणि चावीला चिठ्ठी बांधा की बोळा काढायचाय.